औटी सरांची सही

पेठ गाव सोडून पुण्याकडे निघालं की हायवेलगत एका हॉटेलसमोर एक छोटं पांढरं विमान उभं आहे. मिसळ खाऊन झाली की लोक मुलांना त्यात बसवून फोटो काढतात. मीही कधीकधी तिथं चहाला थांबते, पण विमानाकडे पाठ करून बसते. त्याच्या डाव्या पंखाखालची झाकणं मी चाळीस वेळा तरी उघडून परत बसवली आहेत. दर वेळी माझ्या मागे औटी सर उभे असायचे. म्हणायचे, "घाई नको, बेटा. स्क्रू कुठं पळून चाललेला नाही. पळतो आपणच."

तो दोन हजार सहा-सातचा काळ होता. विमानप्रवास स्वस्त झाला होता आणि पेपरात पानपानभर जाहिराती येत होत्या. आमच्याकडच्या एका चेअरमनसाहेबांनी अवसरीच्या रस्त्यावर एक बंद पडलेली पोल्ट्रीची शेड भाड्यानं घेतली, तिला पांढरा रंग दिला आणि बाहेर 'कम्युनिटी कॉलेज - विमान देखभाल अभ्यासक्रम' असा बोर्ड लावला. आम्ही सत्तावीस जण होतो. हवा दमट असली की भिंतींना कोंबड्यांचा वास सुटायचा. पोरं म्हणायची, "चला, आज पण उडन्याचा क्लास हाये."

औटी सर मूळचे बेल्ह्याचे. वीस वर्षं हवाई दलात विमानांची दुरुस्ती करून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले. बुटके, ताठ, डोक्यावर अगदी बारीक केस. खिशाला दोन पेनं असायची, निळं लिहायला आणि काळं फक्त सहीला. इतकी वर्षं जोधपूर, कानपूर, तेजपूर असं फिरल्यामुळे त्यांच्या मराठीत 'बेटा' आणि 'चलो' येत असे, पण राग आला की ते सरळ बेल्ह्याला उतरायचे.

शेडच्या दाराशी एक प्लास्टिकचा ट्रे ठेवलेला असे. आत जाण्याआधी खिशातलं सगळं त्यात काढायचं: सुटे पैसे, कंगवा, तंबाखूची पुडी, अंगठ्या. सर स्वतःचं घड्याळ सगळ्यात आधी काढत. मुलांच्या मनगटांवर देवाचे दोरे असत. ते तोडायला सरांनी कुणालाच सांगितलं नाही. चिकटपट्टीचा रोल घेऊन दाराशी उभे राहत आणि एकेकाच्या मनगटावरचा दोरा पट्टीखाली झाकत. "देव आत राहू दे," म्हणायचे, "फक्त त्याचा धागा विमानात पडायला नको."

विमान ट्रेलरवरून आलं त्या दिवशी निम्मं गाव लोटलं होतं. पंख वेगळे, धड वेगळं, आणि इंजिनाच्या जागी नुसतं भोक. चेअरमनसाहेबांनी हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि सर पुढे होईपर्यंत चाकापाशी नारळ फोडला. टाळ्या वाजल्या. सर मात्र गुडघ्यांवर बसले आणि करवंटीचे तुकडे गोळा करायला लागले. गर्दीला वाटलं, प्रसाद करतायत. त्यांनी ते तुकडे जमिनीवर एकमेकांना जुळवले, फुटलेलं मडकं जुळवावं तसे. नारळ जवळजवळ पूर्ण झाला, पण वरच्या बाजूला बोटभर फट राहिली.

"एक तुकडा कमी आहे," सर म्हणाले. "कुणी जायचं नाही."

अर्धा तास शोधाशोध झाली. शेवटी एका विश्वस्तांनी संकोचानं मूठ उघडली. "राव, घरी पोरांना द्यायला ठिवला व्हता." तो तुकडा फटीत बरोबर बसला तेव्हा सरांनी मान हलवली आणि मग हात जोडून विमानाला नमस्कार केला.

या माणसाची चेष्टा करणं सोपं होतं आणि आम्ही ती करायचो. मी करायची नाही, पण ऐकायची. माझ्याशी फारसं कुणी बोलत नसे. वडिलांचं मंचरला हार्डवेअरचं दुकान. आमचे आजोबा राजस्थानातून आलेले. मला पुण्याच्या इंग्रजी शाळेत होस्टेलला ठेवलं होतं, त्यामुळे माझं मराठी वाचन अडखळत व्हायचं आणि बोलणं त्याहून. सुरुवातीला आणखी एक मुलगी होती, अठ्ठाविसावी, ती दिवाळीनंतर आलीच नाही. माझ्या गप्प बसण्याला पोरांनी 'इंग्लिश' असं नाव ठेवलं होतं. सरांनी मात्र त्याचा उपयोग शोधून काढला. देखभालीची पुस्तकं सगळी इंग्रजीत. मी एकेक वाक्य वाचायचं आणि सरांनी ते मराठीत, हातवारे करून सांगायचं. स्वतःचं काही बोलावं न लागता माझा आवाज वर्गात फक्त तेवढाच ऐकू येई.

एकदा सर बोल्ट सैल होऊ नये म्हणून पिळायची लॉकिंग वायर शोधत आमच्या दुकानात आले. पाण्याच्या पंपाचे नटबोल्ट टोपलीत पाहून त्यांनी एक उचलला. "शेठ, याचं सर्टिफिकेट?"

"सर, आमच्याकडं याचं वजन असतं," वडील म्हणाले. "पाव किलो देऊ का अर्धा?"

सर खूप हसले. मग स्टुलावर बसून त्यांनी वडिलांना समजावलं की विमानाच्या प्रत्येक बोल्टाचा कागद असतो, कुणी बनवला, कुणी तपासला, कुणी बसवला, आणि शेवटी बसवणाऱ्याची सही. वडील लक्ष देऊन ऐकत होते. सर गेल्यावर म्हणाले, "माणूस खरा आहे. पण ज्यांच्याकडं नोकरीला आहे, ते आमच्यासारखं वजनावर विकणारे आहेत."

सरांचा सगळा जीव त्यांच्या बोर्डात होता. प्लायवूडचा मोठा बोर्ड, त्यावर प्रत्येक हत्याराची काळ्या रंगात काढलेली आकृती, आणि त्या आकृतीवर ते हत्यार टांगलेलं. पान्हा काढला की त्याची काळी सावली मागे राहायची. शेजारी रजिस्टर. हत्यार घेताना सही, परत करताना सही. दिवस संपला की सर बोर्डासमोर उभे राहून मोजत आणि एकही सावली उघडी दिसली तर कुणी घरी जात नसे. बेल्ह्याची एसटी गेली तरी.

एका दुपारी तपासणीचा आरसा सापडेना. लांब दांड्याचा, रुपयाएवढा गोल आरसा. जिथं डोळा पोहोचत नाही तिथं तो सरकवून मागची बाजू बघायची. तो सरांचा स्वतःचा होता, नोकरीतला. रजिस्टरात सही एकाची होती, पण आरसा पंखाखाली हातोहात फिरला होता. सगळे शोधायला लागले. चाकांखाली, पंखात, सीटखाली. सरांनी दोन झाकणं पुन्हा उघडायला लावली. आणि मला माझ्या एप्रनच्या आतल्या खिशात काहीतरी कडक लागलं.

मला फक्त 'सापडला' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणू शकले नाही. पोरं घामानं भिजून शोधत राहिली आणि मी त्यांच्यात शोधायचं नाटक करत राहिले. शेवटी सगळे पलीकडे वळल्यावर मी तो हळूच बोर्डावर टांगला. मागे वळले तर सर माझ्याकडे बघत होते.

"सापडला," तेच मोठ्यानं म्हणाले. "चलो, सुट्टी."

दुसऱ्या दिवशी वाचन संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. "बेटा, खिशात हत्यार राहणं ही चूक. ती माझ्याकडून पण झाली आहे. पण तो अर्धा तास तू गप्प बसलीस ना, त्याची मला भीती वाटते."

मी मान खाली घातली.

दर महिन्याच्या एक तारखेला सर माझ्याकडून चेअरमनसाहेबांना इंग्रजीत पत्र लिहून घेत. विषय एकच: इंजिन. अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात चालत्या इंजिनावर ठरावीक तास काम करायचं होतं, ते लॉगबुकात लिहायचं होतं आणि त्यावर शिकवणाऱ्याची सही लागत होती. त्या सहीशिवाय परवान्यासाठीच्या दिल्लीच्या परीक्षेला बसता येणार नव्हतं. पत्राच्या मराठी मसुद्यात सर 'विनंती' लिहायचे, पुढे 'कळकळीची विनंती', नंतर नुसतंच 'कृपा करून'. उत्तर कधी लेखी आलं नाही. भेटले की चेअरमनसाहेब म्हणत, "इंजिन वाटेत आहे, औटी." पोरं आपापसात रोज इंजिनाचा मुक्काम ठरवायची. आज म्हणे नारायणगावला टोमॅटोच्या गाडीमागं अडकलंय. आज खेडच्या घाटात.

त्या भोकापुढे खुर्ची मांडून सर आम्हाला न आलेलं इंजिन शिकवायचे. "इथं हात घालायचा. गरम असेल, सांभाळून." सत्तावीस जण हवेत हात घालायचे. संदीप बांगर तर हात झटकून 'आई गं' म्हणायचा, आणि सर हसायचे. संदीप हा सरांच्या शेजारच्या घरातला. सर शिकवतात म्हणूनच त्याच्या आईनं त्याला इथं घातलं होतं.

दुसरं वर्ष संपत आलं. एक दिवस सर पुण्याला कुठल्या भंगारवाल्याकडे जुनं इंजिन बघायला गेले होते. ऑफिसातल्या क्लार्कनं येऊन फळ्यावर तारखा, कामं आणि तास लिहिले. 'इंजिन सुरू करून चाचणी, दोन तास.' 'तेल बदलणे, तीन तास.' म्हणाला, "लॉगबुकात उतरवून घ्या. सायबांनी सांगितलंय." सगळ्यांनी उतरवून घेतलं. मी घेतलं नाही. ते धाडस नव्हतं. शाळेत एकदा कॉपी करताना पकडून बाईंनी मला वर्गात उभं केलं होतं, ती लाज अजून अंगात होती. माझी एक डायरी होती, रोज काय केलं त्याची. त्यातलंच मी लॉगबुकात भरलं: झाकणं उघडणे, वायर पिळणे, टायर बदलणे. बेरीज एकोणसाठ तास झाली. लागत होते त्याच्या पासंगालाही नाही.

पुढच्या आठवड्यात पालकांना बोलावलं. आम्ही पंखाखाली तपासणी करत होतो ती अर्धवट टाकून सगळे शेडच्या मधोमध गोळा झालो. टेबलावर लॉगबुकांची चळत. माझं मी सगळ्यात खाली सरकवलं होतं.

"औटी, लांबून लोक आलेत," चेअरमनसाहेब म्हणाले. "तेवढं उरकून टाका."

सरांनी काळं पेन काढलं. पहिलं लॉगबुक संदीपचं होतं. त्यांनी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. पेनचं टोपण परत लावलं.

"संदीप, इंजिन सुरू झाल्यावर तेलाच्या दाबाचा काटा कुठं होता?"

संदीप पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत होता. "सर, इंजिन नव्हतंच की."

"मग हे दोन तास?"

संदीपची आई पुढे आली. "आवो भावजी, काटा कुटं व्हता ते तुमीच लिवा की. तुमाला तर ठावं असंल."

काहीजण हसले. सर हसले नाहीत. "वहिनी, मी बघितलं नाही. बघितलं नाही त्यावर मला सही करता येत नाही."

"तुमच्या तोंडाकडं बघून पोराला हितं घातला, भावजी. दोन वरसं गेली त्याची. येक सही व्हती तुमची. लई मोटी गोष्ट मागत न्हाई मी."

"माहीत आहे वहिनी."

"मग?"

सरांनी त्या भोकाकडे बघितलं. तिथं इंजिन असतं तर बरं झालं असतं, असं कुणीही बघेल तसं. मग म्हणाले, "मला जमत नाही, वहिनी." त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

त्यांनी प्रत्येक लॉगबुक उघडलं, वाचलं आणि डाव्या हाताला ठेवलं. सव्वीस. शेवटी माझं आलं. ते उघडल्यावर सर थांबले. बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले. मग पेनचं टोपण काढलं आणि प्रत्येक ओळीसमोर तारखेसह सही करायला लागले. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. शेडमध्ये फक्त पेनचा आवाज येत होता. शेवटची सही झाल्यावर त्यांनी लॉगबुक दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. दोन वर्षांत मी त्यांना इतकं समाधानी पाहिलं नव्हतं. त्या सहीनं मला कुठल्याही परीक्षेला बसता येणार नव्हतं. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. बाकी कुणाला नव्हतं.

"म्हणजे सही करता येते तर," चेअरमनसाहेब म्हणाले.

"हिची केली," संदीपची आई म्हणाली. "दुकानदाराची पोर हाये ना. आमच्या पोराची न्हाई केली."

मागून कुणीतरी बोललं, "शेठनी पोचवलं असंल काहीतरी."

सरांनी माझ्याकडे बघितलं. तू बोल, असं त्या नजरेत नव्हतं. विमानाच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला जोडीदार खूण करतो का, याची वाट बघावी तेवढंच होतं. मला फक्त लॉगबुक उघडून दाखवायचं होतं. यात एकोणसाठच तास आहेत, मी पण नापासच आहे. हे वाक्य माझ्या डोक्यात इंग्रजीत तयार होतं. मराठीत जुळेना. जुळलं, तेव्हा सर दाराशी ट्रेमधून घड्याळ उचलत होते. त्या दिवशी बोर्डावरची हत्यारं कुणी मोजली नाहीत.

सर परत आले नाहीत. पुढच्याच आठवड्यात कुणी एक गृहस्थ पुण्याहून आले आणि एका दुपारी सव्वीसही लॉगबुकांवर सह्या करून गेले. तीन महिन्यांनी दिल्लीहून सगळे अर्ज परत आले. संस्थेला असा अभ्यासक्रम चालवायची परवानगीच नव्हती. खरी सही आणि खोटी सही, दोन्ही सारख्याच निकामी होत्या. पण बेल्ह्यात पक्कं झालं ते वेगळंच: औटीनं व्यापाऱ्याकडून काही घेतलं आणि वर दिल्लीला तक्रार केली, म्हणून पोरांचं वाटोळं झालं. शेडमध्ये पुन्हा कोंबड्या आल्या. विमान हॉटेलवाल्यानं नेलं. सरांनी फक्त बोर्ड आणि रजिस्टर मागून घेतलं, असं कळलं.

त्याच सुमारास आईनं माझा एप्रन धुवायला काढला आणि आतल्या खिशातून आरसा निघाला. पंखाखालची तपासणी अर्धवट सोडली तेव्हाचा. उद्या नेऊन देऊ, असं म्हणता म्हणता साडेतीन वर्षं गेली. मी बाहेरून बी.कॉम. केलं, दुकानाचा कॉम्प्युटर बघायला लागले.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी आरसा आणि लॉगबुक पिशवीत घालून बेल्ह्याला गेले. सरळ सरांकडे जायचं धैर्य झालं नाही. आधी शेजारच्या घरी गेले. संदीपची आई ओट्यावर शेंगा निवडत होती. संदीप पुण्याच्या विमानतळावर सामान चढवतो, असं तिनं सांगितलं आणि गणवेशातला त्याचा फोटो दाखवला. मी तिच्यापुढे लॉगबुक उघडलं. वाटेत दहा वेळा पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "मावशी, माझे पण तास भरले नव्हते. सरांनी मला काही जास्त दिलं नाही. बघा."

तिनं पान उलटसुलट करून पाहिलं. "इंग्रजी हाये. मला कुटं वाचाया येतंय, बाय." मग शेंगांचं सूप बाजूला ठेवून माझ्या तोंडाकडे बघितलं. "तू म्हनतीस तर खरं असंल. पर तवाच का न्हाई बोललीस? आमी त्यांच्या दारात जायचं सोडलं. त्यांच्या बायकूच्या मातीला पन न्हाई गेलो."

सरांची पत्नी गेल्याचं मला तेव्हा कळलं.

रस्त्याच्या पलीकडे पत्र्याची शेड होती. सर पाण्याची डिझेल इंजिनं दुरुस्त करत. बाजारामुळे रस्ता गजबजलेला होता, टेम्पोतून बैल उतरत होते, पण त्यांच्या दारात कुणी नव्हतं. आत भिंतीला तोच बोर्ड. हत्यारं दुसरी, साधी, पण प्रत्येकाची काळी सावली नव्यानं रंगवलेली. फक्त एका कोपऱ्यात जुन्या रंगातली एक आकृती उघडी होती: लांब दांडा, वर गोल.

सरांचे केस पांढरे झाले होते. मला बघून ते उठले. मी आरसा पुढे केला. त्यांनी तो उजेडात धरला, सदऱ्यानं पुसला, दांडा वाकवून बघितला. मग कपाटातून रजिस्टर काढलं. तेच. पानं मागं उलटत त्या दिवसापर्यंत गेले. आरशाच्या ओळीत घेतल्याची माझी सही होती, परत केल्याचा रकाना कोरा.

"कर," ते म्हणाले, आणि पेन दिलं. काळं.

मी सही केली. त्यांनी शेजारी आजची तारीख घातली. मग रजिस्टर मिटवून माझ्याकडे बघत थांबले. त्यांना कळलं होतं की मला आणखी काही बोलायचं आहे.

"बोल, बेटा."

कितीतरी होतं. संदीपच्या आईशी बोलून आले हे होतं. त्यांच्या पत्नी गेल्या, ते होतं. त्या अर्ध्या तासाचं होतं.

"येते सर," मी म्हणाले.

"हं. सावकाश जा."

त्यांनी दुरुस्तीला आलेल्या इंजिनाला हॅण्डल लावलं. दोन फेऱ्यांत ते सुरू झालं. आवाजानं पत्रा थरथरायला लागला. आता बोलले असते तरी काही ऐकू गेलं नसतं. रस्ता ओलांडून मी मागे वळून पाहिलं. सर चालत्या इंजिनाशेजारी गुडघ्यांवर बसले होते, एक डोळा मिटून, आणि तो आरसा मागच्या बाजूला सरकवून काहीतरी बघत होते.